एकावन्नाव्या पानावरचे चार ठिपके

एग्मोरच्या त्या वाचनालयाचे नियम मराठीत लिहून द्यायची हौस माझी. कुणी सांगितलं नव्हतं. तमिळ आणि इंग्रजी फलक दारातच लावलेला होता, आणि तिथं येणाऱ्या विसेक मराठी माणसांना त्यातलं एक ना एक वाचता येत होतंच. पण हाताला काम नसलं की माझ्या अंगाला मुंग्या येतात. नवरा सकाळी सहाला कंपनीच्या बसनं इरुंगाट्टुकोट्टैला जातो आणि रात्री आठला परत येतो. मी पुण्यात विम्याच्या कचेरीत बत्तीस वर्षं काढली, त्याची इकडे तमिळ मुलखात बदली झाल्यावर मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि वेलचेरीत सातव्या मजल्यावर येऊन बसले. बसले म्हणजे काय, बसलेच नाही. कपाटं लावली, ती विस्कटून परत लावली. पाण्याच्या टँकरवरून सोसायटीत भांडले, लिफ्टवरून भांडले. पायाला भिंगरी आणि नाकावर राग, असं माझं वर्णन आई करते. आईचं वर्णन सहसा चुकत नाही.

आई आमच्याकडे आली त्याला दोन वर्षं झाली. वडील गेल्यावर सातारा जिल्ह्यातलं घर बंद करून मी तिला घेऊन आले. वय शहात्तर, गुडघे कुरकुरणारे, मोतीबिंदू अजून पिकायचाय असं डॉक्टर म्हणतात, बाकी ठणठणीत. पण बोलणार कुणाशी? शेजारचे सगळे सकाळी लॅपटॉप पाठीला लावून पळणारे. खालची भाजीवाली आणि ती दोघी हातवारे करून बोलायच्या आणि खूप हसायच्या, पण हातवाऱ्यांनी दुपार कशी भागणार? आईला पुस्तक लागतं. आठवड्याला दोन. जेवण एक वेळ नसलं तरी चालेल, असं ती म्हणायची आणि ते तोंडदेखलं नव्हतं.

मग कुणाकडून तरी कळलं की एग्मोरच्या बाजूला एका जुन्या वाचनालयात एक मराठी कपाट आहे. गेलो. खालच्या फळ्यांवर तंजावरी मराठी घरांनी कधीकाळी दिलेली, हात लावला की पिवळा भुगा पडणारी पुस्तकं. वरच्या फळ्यांवर बदली होऊन परत गेलेल्या आमच्यासारख्यांनी मागं टाकलेली. आई त्या कपाटापुढे उभी राहिली आणि तिनं पदरानं चष्मा पुसला. "अगंबाई," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून आमचा शनिवार ठरून गेला. वेलचेरीहून लोकल गाडी, चिंताद्रिपेटला उतरायचं, पुढं ऑटो. ती वाचनकक्षात पंख्याखालची खुर्ची धरायची आणि मी इकडून तिकडं फिरायची.

वाचनालयाच्या बाई तंजावरी मराठी. तिशीपासून तिथंच, आता निवृत्तीला आलेल्या. त्यांची मराठी ऐकायला मला पहिल्यांदा मौज वाटली. सूर सगळा तमिळ, शब्द आमच्या पणजीच्याही आधीचे. पाहिजेला त्या 'हुज्जे' म्हणायच्या. "आईंस कोणतें पुस्तक हुज्जे?" असं त्यांनी विचारलं की आई खूश व्हायची आणि घरी येऊन तसंच बोलून दाखवायची. बाई बोलायला मऊ होत्या, पण नियमाला पक्क्या. पिशवी बाहेरच्या मांडणीवर. फोन बंद. रुमाल टाकून खुर्ची अडवायची नाही. बोट ओलं करून पान उलटायचं नाही. कपाटातून काढलेलं पुस्तक आपलं आपण परत ठेवायचं नाही, टेबलावर ठेवायचं, कारण चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक. हे मला इतकं पटलं की विचारू नका. जगात निदान एक जागा अशी आहे जिथं गोष्टी जागच्या जागी आहेत! मी बाईंना म्हटलं, मी तुम्हाला हे सगळं मराठीत सुंदर अक्षरात लिहून देते. त्या म्हणाल्या, "कशास हो? मराठी माणसें शहाणीं आहेत." पण मी लिहिलंच. चौदा नियम. सहावा असा: 'पुस्तकात पेन अथवा पेन्सिलीने कोणतीही खूण, रेघ अथवा मजकूर करू नये. केल्यास सभासदत्व एक महिना स्थगित करण्यात येईल.' स्थगित हा शब्द लिहिताना मला कचेरीची आठवण येऊन बरं वाटलं होतं.

फलक लागला, पण माझ्या हातांची शिवशिव काही थांबेना. बाईंच्या मागं लागून मी मराठी कपाट तपासायचं काम मागून घेतलं. दर शनिवारी आतल्या खोलीत बसायचं, एकेक पुस्तक उघडायचं, सुटलेली पानं चिकटवायची, धूळ पुसायची. आणि तिथं मला ते दिसलं. एकावन्नाव्या पानावर, अगदी खाली कोपऱ्यात, पेन्सिलीचे चार बारीक ठिपके. रांगोळीत काढतात तसे, दोनावर दोन. पहिल्या पुस्तकात दिसले तेव्हा वाटलं, असेल. दुसऱ्यात दिसले. पाचव्यात दिसले तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. कोण हा दीडशहाणा? समोर ढळढळीत फलक लावलाय, आणि हा पुस्तकामागून पुस्तक घाण करतोय!

मी बाईंना दाखवलं. त्यांनी पुस्तक डोळ्यांशी नेलं, ठिपक्यांवरून नख फिरवलं. "पेन्सिल आहे. पर्वाइल्ले," म्हणाल्या. म्हणजे असू दे, काही बिघडत नाही. मला कुठलं पर्वाइल्ले! मी तक्रारवहीत रीतसर तक्रार लिहिली. 'कोणा असंस्कृत वाचकाने' अशी तिची सुरुवात होती. वहीच्याच मागच्या पानावर, ठिपके सापडलेल्या पुस्तकांची यादी केली, दाखल क्रमांकासकट. मग एक चांगलं मऊ खोडरबर आणलं आणि सुरू झाले. सहा शनिवार. एकेक ठिपका असा पुसला की भिंग लावलं तरी दिसू नये. पुसलेला भुगा फुंकरीनं उडवताना मला समाधान वाटायचं, खोटं कशाला सांगू.

संशय माझा एका गृहस्थांवर होता. बँकेतून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशाला कायम पेन्सिल. त्यांच्याशी मी बोलणं टाकलं. ते बिचारे 'नमस्कार' म्हणायचे आणि मी त्यांच्या खिशाकडे बघायची. आईला मी यातलं काही सांगितलं नाही. पुस्तकं खराब होतात म्हटल्यावर ती हळहळत बसली असती. शाळेत असताना मी पुस्तकात शाईनं रेघ ओढली होती तेव्हा तिनं मला पाठीत धपाटा घातला होता. पुस्तकाच्या बाबतीत ती अशी. आता वाटतं, परत आलेल्या ढिगातही नवे ठिपके सापडत होते, त्या ढिगात आमची दोन पुस्तकं असायची, मग माझ्या डोक्यात प्रकाश का पडला नाही? बत्तीस वर्षं लोकांचे विम्याचे दावे तपासले मी. पण ढिगातलं कुठलं पुस्तक कुणाकडून आलं ते मी बघितलंच नाही. आई माझ्या हिशेबातच नव्हती.

डिसेंबरात पावसानं दोन शनिवार गेले. वेलचेरीत मोटारी उड्डाणपुलावर नेऊन लावायची धांदल झाली, लोकल बंद, ऑटो मिळेना. पाणी ओसरल्यावर आम्ही परत जायला लागलो, आणि त्याच सुमारास आईचं काहीतरी बिनसलं.

पहिल्यांदा ती हसली. "अगं, हे मी वाचलंय गं. चाळीस पानं झाल्यावर आठवलं. ती धाकटी जाऊ विहिरीवर जाते ना, तिथं." मी म्हटलं, मग बदलून आणू. पुढच्या शनिवारी आणलेली दोन्ही पुस्तकं वाचलेलीच निघाली. या वेळी ती हसली नाही. पुस्तक मांडीवर पालथं घालून खिडकीबाहेर बघत बसली. त्याच्या पुढच्या वेळी तिनं निवडायला इतका वेळ लावला की वाचनालय बंद व्हायची घंटा झाली. एकेक पुस्तक काढायची, मध्ये कुठंतरी उघडायची, डोळ्यांजवळ न्यायची, ठेवून द्यायची. मी आपली घाईत. "आई, चल ना, गाडी चुकेल!" तिनं त्यातली दोन उचलली. घरी येऊन बघते तर दोन्ही वाचलेली.

"मी विसरायला लागले," ती म्हणाली. साध्या आवाजात, दूध संपलंय म्हणावं तसं.

 आईच्या मोठ्या बहिणीचं असंच झालं होतं. शेवटची चार वर्षं मावशी स्वतःच्या मुलाला 'साहेब' म्हणायची. आईनं तिचं सगळं केलं होतं, न्हाऊमाखू घालण्यापर्यंत. काय काय होतं आणि कुठल्या क्रमानं होतं, हे घरात आईइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी मात्र आवाज चढवला. "काहीतरीच काय! दोनशे पुस्तकं वाचल्यावर कुणाच्या लक्षात राहील? मला काल काय भाजी केली ते आठवत नाही." ती म्हणाली, "तसं नाही गं. ते वेगळं." वेगळं म्हणजे काय ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला कुठं दम निघतो? मी डॉक्टर शोधायला फोन उचलला.

डॉक्टरनं तिला घड्याळ काढायला लावलं, वार उलटे म्हणायला लावले. वार तिनं मराठीत धडाधड म्हटले आणि डॉक्टरला ते कळेनात, म्हणून मी मध्ये बोलले, तर तिनं मला गप्प केलं. वयाच्या मानानं चांगलं आहे, असं ते म्हणाले; तरी दीड महिन्यानं परत या, गरज पडली तर स्कॅन करू. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आईनं नाही टाकला. 'गरज पडली तर' एवढंच तिनं ऐकलं होतं.

मग ती एकेक गोष्ट सोडत गेली. आधी गॅस. दूध उतू गेलं एकदा, माझं रोज जातं, पण तिनं त्या दिवसापासून ओट्याजवळ जायचं थांबवलं. मग खाली जाऊन भाजी आणणं. "लिफ्टमध्ये कुठला मजला दाबायचा ते आठवलं नाही तर?" मी म्हटलं, "आजवर कधी विसरलीस का?" "मावशीपण कधी विसरली नव्हती." मग एक दिवस वाचनालय. "तू जा. मला नको." पंख्याखालची खुर्ची, बाईंचं बोलणं, सगळं नको. दुपारी ती नुसती बसलेली असायची, हात मांडीवर, ओठ हलताहेत. जप करतेय असं मला वाटलं. जीव इतका वरखाली व्हायचा की मी घरातली स्वच्छ भांडी परत घासली.

अशात एका सोमवारी मी तिची ट्रंक आवरायला काढली. तिनंच किल्ली हातात दिली होती, 'तुझ्याकडे राहू दे' म्हणून, आणि ते मला मुळीच आवडलं नव्हतं. तळाशी एक पुस्तक निघालं. आमच्या गावच्या वाचनालयाचा शिक्का! सामान आवरताना चुकून आलेलं, दोन वर्षं परत न केलेलं. मला जरा हसूच आलं. "बघ, चोरी पकडली. हे पोस्टानं पाठवून देऊ," मी म्हटलं, आणि पाठवायच्या आधी फाटलंय का ते बघायला पानं चाळली. सतराव्या पानाच्या कोपऱ्यात बारीक गोल. एकोणतिसाव्यावर एक छोटी फुली. एकावन्नाव्यावर चार ठिपके. दोनावर दोन.

"आई, हे काय गं?"

तिनं चष्मा लावून बघितलं आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "ते होय! आमच्या खुणा त्या. वाचनालयात येणाऱ्या आम्ही सगळ्या बायका. घरकामातून वेळ काढून धावतपळत जायचो, पुस्तक वाचलंय की नाही ते कुठं लक्षात राहतंय? म्हणून प्रत्येकीचं एक पान. गोल पोस्टमास्तरांच्या बायकोचा. फुली पलीकडच्या मास्तरीणबाईंची. चार ठिपके माझे. वाचून झालं की कोपऱ्यात करायचे, दिसतील न दिसतील असे. ग्रंथपालांना कळू द्यायचं नाही! पन्नास वर्षं झाली. देवापुढे दिवा लावायला एखाद वेळी विसरेन, पण हे नाही." हसू तसंच मावळलं. "आणि बघ, आता तेच करायचं राहायला लागलं. इथली पुस्तकं वाचलीत, पण त्यात ठिपकेच नाहीत. एकात नाही, दोनात नाही, कितीतरी. मी केले होते असं मला वाटतं. हात आठवतो मला करताना. पण नाहीत. मावशीचंही असंच होतं, तिला सगळं केल्यासारखं वाटायचं."

 तिच्यापुढे, तिच्या ट्रंकेपाशी मी मांडी घालून बसले होते, आणि मला काय करायचं होतं? एवढंच सांगायचं होतं की अगं, ते मी पुसले. चार शब्द. मी म्हटलं, "चहा टाकते."

का नाही बोलले, याचं उत्तर मी तेव्हापासून दहा तऱ्हांनी स्वतःला दिलं आहे. तिला धक्का बसेल. तिला खोटं वाटेल, मी समजूत काढतेय असं वाटेल. ही सगळी सारवासारव. खरं असं, की मला लाज वाटली. 'असंस्कृत वाचक' हे शब्द माझ्या अक्षरात त्या वहीत होते. डॉक्टरकडे तिला मी नेलं होतं. तिनं ओटा सोडला, भाजी सोडली, हातात किल्ली दिली, आणि हे सगळं माझ्या खोडरबरानं केलं होतं. आणि मला एक अक्कलहुशारी सुचली. तिला न सांगताच हे निस्तरता येईल! यादी तर होतीच. ठिपके परत काढायचे. मग तिला कसंबसं घेऊन जायचं, ती पुस्तक उघडेल, ठिपके बघेल, म्हणेल, अगंबाई, आहेत की! आणि सगळं सुरळीत होईल. मी कानकोंडी व्हायचं कारणच नाही.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. वाचनालय रोज उघडं असतं, पण आतली खोली मला शनिवारीच मिळायची. चार दिवस मी घरात येरझारा घातल्या. तिच्यासमोरून जाताना तिच्याकडे बघायची नाही. "काय झालंय तुला? मांजरासारखी फिरतेयस," ती म्हणाली. काही नाही म्हटलं. शुक्रवारी तिनं भाकरी अर्धीच खाल्ली, आणि तरीही मी बोलले नाही.

शनिवारी वाचनालय उघडायच्या आधीच मी दारात. पेन्सिलीला टोक काढून आणलं होतं. तक्रारवही उघडली, यादी काढली, आतल्या खोलीत पहिला ढीग घेऊन बसले. एकावन्नावं पान, कोपरा, दोनावर दोन. पहिल्या पुस्तकात ठिपके मोठे झाले. दुसऱ्यात जमले. नवव्या की दहाव्या पुस्तकाला पानावर सावली पडली.

"काय हो हें?" बाई उभ्या होत्या.

मी उठून उभी राहिले. आणि मग जे आईला सांगायचं ते त्यांना सांगत सुटले. भडाभडा. गावच्या बायका, त्यांची पानं, माझं खोडरबर, मावशी, डॉक्टर, सगळं.  त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"आईंस सांगितलांत?"

"नाही. म्हणून तर हे करतेय. तिनं ठिपके बघितले की तिला आपोआप..."

"पुस्तकांस सांगून काय होणार हो? आईंस सांगायला हुज्जे." मग त्यांनी भिंतीवरच्या माझ्या फलकाकडे बोट केलं. "सहावा नियम तुम्हीच लिहिलांत. कार्ड द्या. एक महिना."

मला वाटलं थट्टा करताहेत. त्या हात पुढं करून उभ्याच. मी कार्ड दिलं. इतकी वर्षं लोकांना नियम दाखवले, पण माझं कार्ड कुणी कधी काढून घेतलं नव्हतं. बाहेर त्या पेन्सिलवाल्या गृहस्थांनी 'नमस्कार' म्हटलं आणि मला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना. "चुकलं माझं," मी त्यांना म्हटलं. "कशाबद्दल?" असं ते विचारत राहिले आणि मी चपला घालून निघाले.

परतीच्या गाडीत मी बसले नाही. गाडी रिकामी होती तरी दारापाशी उभी राहून मनात वाक्यं जुळवत होते. आई, एक गंमत सांगते. नको, गंमत नको. आई, रागावू नकोस. तेही नको.

घरी पोचले तेव्हा दोन वाजले होते. आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. पुढं एक कागद, हातात पेन. मला बघून तिचा चेहरा उजळला. "बरं झालं लवकर आलीस. हे बघ, काही राहिलंय का. आठवडाभर लिहितेय, रोज एखादं सुचतं. तुझ्या वाचनालयाच्या फलकासारखं केलंय. तुझं अक्षर सुरेख आहे, मोठं करून लिहून दे, माझ्या खोलीच्या दाराला लावू. मला पुढं वाचता येतंय तोवर उपयोगी पडेल."

मी कागद घेतला. वर लिहिलं होतं: माझ्यासाठी नियम. खाली तिच्या तिरप्या अक्षरात आकडे घालून:

१. मुलगी सांगेल ते खरं धरायचं. आपल्याला वेगळं आठवत असलं तरी वाद घालायचा नाही.

२. गॅसजवळ जायचं नाही.

३. तेच तेच सांगतेस असं कुणी म्हणालं तर हसायचं. चिडायचं नाही. मोठी ताई चिडायची, त्यानं माणसं लांब गेली.

४. नाव आठवलं नाही तर 'बाळ' म्हणावं. सगळ्यांना चालतं.

५. दुपारी सगळ्यांची नावं एकदा म्हणायची, मोठ्यांपासून धाकट्यांपर्यंत. चुकलं तर परत.

६. पुस्तक मागायचं नाही. मुलीला हेलपाटा पडतो.

पाचवा वाचला तेव्हा मला कळलं की दुपारी ओठ हलायचे ते जपासाठी नव्हते. मी खुर्चीत बसले. गाडीत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. "आई, तू काही विसरलेली नाहीस," मी म्हटलं. "ते ठिपके तू केले होतेस. सगळ्या पुस्तकांत केले होतेस. मी पुसले. मला माहीत नव्हतं ते तुझे आहेत."

 मी सगळं सांगितलं, या वेळी काही न गाळता, असंस्कृत वाचकासकट. ती रडेल असं मला वाटत होतं. निदान हसेल, धपाटा घालेल, 'मेले, मला वेड्यांत काढलंस' म्हणेल. तिचे खांदे खाली आले आणि तिनं खूप मोठा श्वास सोडला, इतका मोठा की टेबलावरचा कागद हलला. "मी केले होते," ती हळूच म्हणाली. "हात आठवत होता मला." एवढ्यावर संपलं असतं तर मी सुटले असते.

"पण तुला कळलं कधी, ते माझे म्हणून?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. आत्ता, वाचनालयात, आज सकाळी, असं काहीही म्हणता आलं असतं.

"सोमवारी. ट्रंक आवरताना."

तिनं बोटांवर मोजलं. मोठ्यानं, डॉक्टरपुढे म्हटले होते तसे वार म्हटले, पण सरळ. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तिथं थांबली. मग माझ्यासमोरचा कागद तिनं आपल्याकडे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या नियमावर आडवी रेघ मारली. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बाकीचे राहू देत," ती म्हणाली. "ते कधी ना कधी लागतीलच." आणि कागद परत माझ्यापुढे सरकवला, चांगल्या अक्षरात लिहून द्यायला.